चार नंबरची खाट

"बाई, तो पांढरा कोट उतरवा. पेशंटचा गाऊन घाला आणि चार नंबरवर जाऊन पडा," डॉक्टर म्हणाले. "तासाभराचं काम आहे. तोंडातून शब्द काढायचा नाही."

मी गाऊन घातला. चार नंबरवर जाऊन पडले.

पेणच्या त्या खाजगी इस्पितळात मी सहा वर्षे नर्सचे काम करत होते. रोगी मला सिस्टर म्हणत, डॉक्टर नुसते 'बाई' म्हणत. मी बी. ए. झाले होते, नर्सिंग मात्र शिकले नव्हते. वडील मिठागरात खपले. त्यांच्यामागे आई होती, आणि मिळेल ते काम धरणारी मी. शीर कशी शोधायची, सलाईन कशी लावायची, हे सारे मी तिथेच बघून बघून शिकले. दर्शनी भिंतीवर फ्रेममध्ये नोंदणीकृत नर्सचे प्रमाणपत्र लावलेले होते. ते पनवेलच्या एका बाईंचे. या बाईंना मी फोटोपलीकडे कधी पाहिले नव्हते. केसपेपरवर रोज सही मात्र त्यांची असे. ती मी करत असे.

मला मोठ्याने बोलता येत नाही. शाळेत पहिला नंबर आला तेव्हाही बक्षीस घ्यायला मी व्यासपीठावर गेले नाही. वर्गशिक्षिकेने ते वर्गात आणून दिले. डॉक्टरांना हे ठाऊक होते. पडून राहायला सांगण्यासाठी याहून सोयीचे माणूस त्यांना मिळाले नसते.

इस्पितळाच्या तपासणीचे सरकारी साहेब आले. त्यांच्या आधी दहा मिनिटे पनवेलच्या बाई रिक्षातून उतरल्या होत्या. कडक इस्त्रीचा पांढरा पोशाख, नवे बूट. त्या माझ्या टेबलापाशी उभ्या राहिल्या. कापूस कोणत्या डब्यात आहे, हेही त्यांना माहीत नव्हते.

"यांना काय झालंय?" साहेबांनी माझ्या खाटेशी थांबून विचारले.

"अशक्तपणा," डॉक्टर म्हणाले. "खाडीपट्ट्यातल्या बायका. खात नाहीत, पीत नाहीत."

मी खिडकीकडे मान वळवली. समोरच्या कारखान्यात गणपतीच्या पांढऱ्या मूर्ती ओळीने वाळत होत्या. एकीचेही डोळे रेखलेले नव्हते.

तेवढ्यात पाच नंबरवरून हाक आली. तिथे आमच्याच बाजूची एक म्हातारी होती. तिच्या शिरा बारीक, निसटणाऱ्या. सकाळी खूप वेळ हात चोळून मला एक सापडली होती.

"सिस्टर गो, बाटली संपली."

मी हलले नाही.

"गो बाय, रगात नलीन चरतंय. उठ नं. झोपलीस काय?"

तिचे रक्त नळीतून वर येत होते. मला ते दिसत होते. हात लांब केला असता तर पोचला असता. डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिले. एकदाच. पनवेलच्या बाई पुढे झाल्या, त्यांनी नळी धरली, थेंबांची चाकी उलट्या बाजूला फिरवली, मग पुन्हा सुलट. घाईत त्यांनी नळी ओढली. साहेबांसमोर सुई निघून आली. चादरीवर रक्त सांडले. "म्हाताऱ्या माणसांचं असं होतं," डॉक्टर हसत म्हणाले, आणि साहेबांना चहाला घेऊन गेले.

मी उठले नाही. हे मी स्वतःविरुद्ध लिहीत आहे. बाहेर गाडी सुरू झाल्याचा आवाज आला, तेव्हा उठले.

त्या दुपारी म्हातारीला मला तीनदा टोचावे लागले. हात सुजून निळा पडला होता. ती ओरडली नाही. फक्त माझ्या तोंडाकडे बघत राहिली.

"तुला मगाशी कोनचा रोग झालता गो?" तिने विचारले.

टोमणा नव्हता. तिला खरेच काळजी वाटली होती. मी खाली मान घालून पट्टी बांधली.

नर्सिंगच्या प्रवेशाला वयाची अट असते. ती ओलांडायला मला एकच वर्ष उरले होते. मी अर्ज भरला. आई म्हणाली, "या वयान शाला? लोक काय बोलतील गो?" पण फॉर्मवर लावायला माझा फोटो तिनेच ट्रंकेतून काढून दिला.

वर्गातल्या मुली अठराएक वर्षांच्या. मला काकू म्हणत. "काकू, तुम्ही पुढे बसा, चष्मा लागलाय ना!" मी मागेच बसायचे. सुई लावण्यात माझा हात सर्वांत हलका होता. पण वॉर्डातल्या पहिल्याच दिवशी केसपेपरवर मी सही केली आणि शिकवणाऱ्या मॅडमनी कागद वर धरला.

"ही कोण?"

मी पाहिले. ती सही पनवेलच्या बाईंची होती. सहा वर्षे हाताला तेच वळण लागले होते.

"मॅडम, ती... मीच."

मुली हसल्या. मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी कोरा कागद पुढे ठेवला. "स्वतःचं नाव लिही. पूर्ण." माझे नाव लिहिताना मला अक्षरे जुळवावी लागली. त्या संध्याकाळी मी वहीचे पान भरून माझेच नाव लिहिले, पहिलीतल्या मुलीसारखे.

परीक्षा झाली. नर्सिंग कौन्सिलकडे नोंदणी झाली. रोह्याच्या एका इस्पितळात काम मिळाले. मग पेणच्या डॉक्टरांचा निरोप आला. मी गेले.

"बसा, सिस्टर," डॉक्टर म्हणाले. त्या खोलीत मी प्रथमच खुर्चीवर बसले. "पनवेलच्या बाई आता थकल्या. तुमचं सर्टिफिकेट इथे लावू. तुम्ही रोह्यातच राहा. तपासणी असेल तेव्हा तासभर यायचं. घरबसल्या पैसे मिळतील."

दारात एक मुलगी ट्रे घेऊन उभी होती. पांढरा कोट. माझाच जुना असावा, बाही तिला लांब होत होती.

"मी रोज येणार असेन तर लावा," मी म्हणाले. माझाच आवाज मला परका वाटला. "मी नाही, तर कागदही नाही."

"मिठातून वर काढलं तुम्हाला. सहा वर्षं इथे शिकलात. विसरलात?"

"ती सहा वर्षं तुमच्या एकाही कागदावर नाहीत, डॉक्टर."

बाहेर येताना मी त्या मुलीला प्रवेशाचा फॉर्म कुठे मिळतो ते सांगितले. वयाची अटही सांगितली.  

पाच नंबरची म्हातारी त्याआधीच वारली होती. तिच्या गावी चौकशी केली, तेव्हा कळले. तिला उत्तर द्यायचे राहून गेले. ते आता कुणालाही देऊन फिटणार नाही.

केसपेपरवर मी माझे पूर्ण नाव लिहिते, कितीही घाई असली तरी. माझे प्रमाणपत्र जिथे लागेल, तिथे मी उभी असेन. बाटली संपल्याची हाक आली, की समोर कोण साहेब आहे हे मी पाहणार नाही. कुणाच्याही सांगण्यावरून मी पुन्हा खाटेवर आडवी होणार नाही.