बाजारात येऊन काटा तपासणारे साहेब

वजनकाट्यावर सरकारी शिक्का मारून घ्यायला मी तीन वेळा काटा घेऊन कोल्हापूरला गेले आणि तीन वेळा तशीच परत आले. एकदा तपासणारे दौऱ्यावर, एकदा मशीन बंद. तिसऱ्यांदा बसच्या दणक्यानं काटाच बिघडला. घरी बरोबर होता, तिथं पन्नास ग्रॅम कमी दाखवायला लागला. तिन्ही दिवस माझी भाजी सुकली. साठीच्या गौरवपुस्तकात असलं लिहीत नाहीत, असं संपादकांनी मला बजावलंय. पण मगदूमसाहेबांचं मोठेपण सांगायचं तर इथूनच सांगावं लागतं.

मगदूमसाहेब वजनमाप निरीक्षक होते. त्यांची-माझी पहिली ओळख त्याच वर्षी भांडणातनं झाली. आमच्या गडमुडशिंगीच्या बाजारात ते आले आणि माझ्या काट्यावर वर्षाचा शिक्का नाही म्हणून काटा उचलायला लागले. मी म्हणाले, "सायेब, शिक्क्यासाठी मी तुमच्या हापिसात आले, तर भाजी काय तुमी इकणार?"

सगळा बाजार हसला. साहेब हसले नाहीत. म्हणाले, "अक्का, बाजार किती वाजता भरतो?"

पुढच्या बाजारी उन्हं यायच्या आत ते वजनांची पेटी घेऊन टोमॅटोच्या रिकाम्या क्रेटवर बसले होते. आम्ही माल मांडायच्या आधी सगळ्यांचे काटे तपासून, शिक्के मारून, पावत्या देऊन मोकळे झाले. निवृत्त होईपर्यंत दरवर्षी असंच. नियम तोच, फी तीच. आमची खेप तेवढी वाचली.

साहेब मऊ होते, असं या पुस्तकात कुणी लिहिलं असेल तर ते खोटं आहे. एका वर्षी माझाच काटा कमी तोलताना सापडला. सगळ्यांसमोर त्यांनी माझी विक्री थांबवली. शेजारच्या शालनवहिनी म्हणाल्या, "सायेब, तिची पोरगी बारावीला हाय, सोडा की."

"गिऱ्हाइकाला पण पोरंबाळं हायत की, वैनी," साहेब म्हणाले. मग दुरुस्तीवाल्याला त्यांनीच फोन लावला. काटा नीट होऊन पुन्हा तपासेपर्यंत त्यांनी जेवणाचा डबा उघडला नाही.

ते निवृत्त झाले आणि बाजारातली तपासणी बंद पडली. नव्या साहेबांना विचारलं तर म्हणाले, "ती मगदूमसाहेबांची वैयक्तिक पद्धत होती. आम्हाला तसा आदेश नाही." तेच नवे साहेब या गौरवसमितीत आहेत. हार घालायला त्यांना आदेश लागत नाही.

मगदूमसाहेबांना म्हटलं, तुम्ही एक शब्द टाका. ते म्हणाले, "अक्का, माझ्या शब्दानं झालं तर तो उपकार हुईल. तुमचा हक्क हाय, लिवून मागा." म्हणून इथं लिहितेय.

साहेबांची साठी झाली. अजून चाळीस वर्षं त्यांचे गुडघे आणि नजर शाबूत राहोत, आणि भाजी घ्यायला ते आमच्याकडेच येवोत.

आता समितीतल्या साहेबांना. आमच्यातल्या पाच जणींच्या शिक्क्याची मुदत या महिनाअखेर संपते. बिनशिक्क्याचा काटा दिसला की तुम्हीच उचलून नेणार. रविवारी समारंभात हे पुस्तक तुमच्या हातात पडेल. बाजारात येऊन तपासणी करणार की नाही, ते त्याच्या पुढच्या शुक्रवारपर्यंत लेखी कळवा.