वाटून घेतलेला कोप

माझी वेणी घालायची म्हणजे आईला घाम फुटायचा. फणी दिसली की मी आमच्या विंझर गावच्या ओढ्यापलीकडे. त्यात एका उन्हाळ्यात मला गोवर निघाला. ना डोक्यावर पाणी, ना केसांत फणी. बरी होऊन उठले तेव्हा मानेवर केसांचा सुंभ वळला होता.

आत्यानं तो पाहिला आणि हात जोडले. "जट आली. देवानं मागितली पोरगी." आत्या वडिलांची थोरली बहीण. तिनंच त्यांना लहानाचं मोठं केलेलं, त्यामुळे घरात तिचा शब्द शेवटचा.

बातमी फुटली आणि कपाळाला भंडारा फासलेले तिघे-चौघे परगावचे बाप्ये दारात आले. गावोगाव फिरून पोरी देवाला सोडायला लावायच्या, हाच त्यांचा धंदा. पोरीचं देवाशी लग्न लावायचं, म्हणजे पुढं कोणीही तिच्यावर हक्क सांगायला मोकळा. मला नुकतं नववं लागलेलं. लग्न म्हणजे नवं परकर-पोलकं एवढंच ठाऊक, त्यामुळे मी खूश!

आई उंबऱ्यात उभी राहिली. एरवी तिचा आवाज शेजारीही जात नसे.

"लगीन देवासंगं व्हय? मग दार माणसांना का उघडायचं तिनं?"

"वाडवडलांची चाल हाय, बाई."

"मग तुमच्या पोरी का न्हाई सोडल्या?"

त्या माणसांचा मला आजही संताप येतो, आणि आईचा लई अभिमान वाटतो.

आई तडक पोलीस पाटलांकडे गेली. त्यांनी सगळ्यांना चावडीवर बोलावलं आणि गावासमोर सांगितलं, "पोरगी देवाला सोडणं गुन्हा हाय. सोडणाऱ्याला बेडी, सोडायला लावणाऱ्यालाबी. फिरून हितं दिसला, तर भोरच्या कोर्टात उभं करीन." बाप्ये गेले. पण जट डोक्यावरच होती आणि आत्याची भीतीही. जट कापणाऱ्यावर देवाचा कोप होतो म्हणतात, मग कात्री धरणार कोण?

बौद्धवस्तीतल्या सुईणबाई आल्या. मला या जगात त्यांनीच आणलेलं. म्हणाल्या, "आमी हे कवाच सोडलं. पर तुमाला कोपाचं भ्या वाटतंय न्हवं? मग समद्या मिळून वाटून घेऊ की! एकेकीच्या वाट्याला यील तरी केवढा?" आणि पहिली कात्री त्यांनीच चालवली.

मग काय, अख्खी आळी लोटली. एकेक बाई यायची, चिमूटभर केस कापायची आणि "घेतला गं माझा वाटा" म्हणत कात्री पुढं द्यायची. आईनं गूळ-शेंगदाणे वाटले. हसून हसून बायकांच्या डोळ्यांत पाणी आलं. माझं डोकं मात्र उंदरांनी कुरतडल्यासारखं झालं.

शेवटची बट आत्यासाठी ठेवली होती. तिनं देवाला हात जोडले, माझ्या तोंडाकडे पाहिलं. मग तिनंही कात्री चालवली.

पुढं महिनाभर आळीत कुणाचं दूध नासलं, कुणाची भाकरी करपली, की "आला बाई माझ्या वाट्याचा कोप!" म्हणून हशा पिकायचा. आत्या तेवढी हसायची नाही. रोज तिन्हीसांजेला ती मला पुढ्यात बसवायची, त्या भादरलेल्या डोक्यावर तेल चोळायची आणि म्हणायची, "यील तो समदा मला यू दे, माझ्या पोरीला न्हाई."

मीही आता फणी दिसली की पळत नव्हते.