कद्दिशला एक माणूस कमी

रविवार, ८ फेब्रुवारी १९४२. लोणावळा, रेल्वे चाळ. संध्याकाळच्या प्रार्थनेला हजर: मी, माझे दोन भाऊ, यार्डातले तिघे, शाळामास्तर, प्रार्थना चालवणारे पेन्शनर आबा आणि गेलेल्याचा मुलगा.

आम्हा बेने इस्राएल ज्यूंची घरं इथं मोजकी. सिनेगॉग पुण्याला, कबरस्तानही तिथंच. घरी प्रार्थना करायची तर पुरुषांची जमवाजमव माझ्याकडे असे, कारण दहा पुरुष असल्याशिवाय कद्दिश म्हणता येत नाही. बाप गेल्यावर मुलानं म्हणायची ती प्रार्थना.

दुपारी पुण्यात माझ्या मित्राला मूठमाती दिली. मुलगा देवळालीच्या छावणीत. तो वेळेवर पोचू शकला नाही. कबरस्तानातून निघताना मित्राचा मेव्हणा म्हणाला, "मी येतो लोणावळ्याला. एखादा कमी पडायला नको."

मी खिशातली यादी पाहिली. नऊ नावं, दहावा मुलगा. "नको. तुमच्या घरी आजारपण आहे. दहा होतात."

मुलगा दिवेलागणीला आला. तासाभरानं त्याला परतीची गाडी धरायची होती. पलटणीला समुद्रापार जायचा हुकूम होता.

आमच्यात माणसं आकड्यांनी मोजत नाहीत. दहा शब्दांचं एक वचन आहे. माणसागणिक एक शब्द म्हणायचा. आबांनी म्हटलं. शेवटचा शब्द उरला. त्यांनी दुसऱ्या टोकापासून म्हटलं. तरी उरलाच.

"तुझी यादी काय म्हणते रे, कारकून?" आबांनी मला विचारलं.

"आबा, यादी चुकत नाही. माणसंच उशिरा येतात," यार्डातला एकजण म्हणाला.

मी यादी उघडली. पहिलं नाव मित्राचंच होतं. दरवेळी सगळ्यांआधी येऊन सतरंजी तोच घालायचा. मी त्याला त्याच्याच कद्दिशसाठी धरलं होतं.

कागद मी घडी करून खिशात ठेवला. धाकटा भाऊ खंडाळ्याला कुणी मिळतं का पाहायला सायकलवर गेला, पण तोवर गाडीची वेळ झाली. मुलगा टोपी हातात घेऊन दारात उभा राहिला. आतून वहिनी, त्याची आई, म्हणाल्या, "तुझ्या मामाला दोन तास काढवले नाहीत. बहिणीचा नवरा ना, परकाच."

मी ऐकलं. काही बोललो नाही. मुलगा म्हणाला, "काका, मग मी निघू?" त्याला स्टेशनपर्यंत पोचवलं. तिथंही बोललो नाही.

दुसऱ्या दिवसापासून पुण्याहून दोघे येत राहिले आणि कद्दिश मी म्हटलं. शब्द तेच, पण मुलाच्या तोंडचे नव्हेत. देव हिशेबात काय धरतो, मला ठाऊक नाही.

तेव्हापासून वहिनी भावाशी बोलत नाहीत. राहिलेल्या कामांच्या वहीत मी दर रविवारी लिहितो: वहिनींकडे जाणे, मेव्हण्याला मीच नको म्हटलं हे सांगणे. बाकीच्या ओळींवर काट पडते. ही ओळ पुढच्या पानावर उतरवून घेतो.