पुलावर हजर असलेली बाई

चर्चच्या वेदीवरच्या पांढऱ्या कापडाची एक बाजू इस्त्री करून झाली होती, दुसरी अजून ओलसरच होती, तेवढ्यात दाराच्या फटीतून टपाल आत पडलं. ग्लेंडा ॲब्लेटने इस्त्री उभी केली, हात ॲप्रनला पुसले आणि पाकीट उचललं. कौन्सिलचं होतं, शाळेच्या बससाठी केलेल्या पहिल्या अपिलाचं उत्तर. तिथेच पायपुसण्यावर उभी राहून ती वाचू लागली.

"काय म्हणतायत साहेब लोक?" आतून रॉयने विचारलं.

"नाही म्हणतायत."

"एवढ्यासाठी तीन पानं? माझ्यासारखा दम लागत असता तर एका शब्दात आटोपलं असतं."

रॉयच्या छातीत तीस वर्षांची धान्याच्या कोठारातली धूळ बसली होती. सकाळी साडेसात ते नऊ त्याला यंत्राचा मास्क लावावा लागे, आणि त्या वेळात त्याला पंधरा-वीस मिनिटांपेक्षा जास्त एकटं सोडायचं नाही, असं नर्सने बजावलं होतं. आणि शाळेची वेळ नेमकी तीच. नात केझिया दोन वर्षांपूर्वी आठवड्यापुरती म्हणून आली होती. तिची आई हल शहरात नोकरी शोधायला गेली ती गेलीच. ग्लेंडाने तक्रार केली नाही. देवाने एकसष्टाव्या वर्षी पुन्हा वेणी घालायला दिली, असं ती म्हणायची.

अडचण झाली ती केझियाच्या वाढदिवसाने. मूल आठ वर्षांचं होईपर्यंत शाळा दोन मैलांच्या पलीकडे असली की कौन्सिलची बस मिळते. आठ पूर्ण झाली की तीन मैलांच्या पलीकडे असावी लागते. ॲब्लेटांच्या दारापासून वेदरिंग्सीची शाळा डांबरी रस्त्याने साडेचार मैल, पण कालव्याच्या बांधावरून तीनला जेमतेम कमी. कौन्सिलने बांध धरला. सोबत मोठं माणूस असेल असंही धरलं. ते मोठं माणूस कोण, हे मात्र विचारलं नाही.

"केक कापला आणि पोरीचे पाय लांब झाले," रॉय म्हणाला. "वाच, पुढं वाच."

ग्लेंडाने वाचलं. प्रूएट नावाचा अधिकारी मार्चमधल्या एका सकाळी तो रस्ता स्वतः चालला होता. बांध कोरडा, कडेला रुंद गवत, वगैरे. मग कालव्यावरचा पूल, जिथे साखर कारखान्याकडे जाणाऱ्या बीटच्या लॉऱ्या आडव्या जातात. तिथे लिहिलं होतं: 'मुलांना रस्ता ओलांडून देणारी बाई पुलावर हजर होती. पिवळा कोट, हातात गोल पाटीचा दांडा. वाहने थांबत होती. सबब ओलांडणे सुरक्षित.'

रॉयने मास्क खाली ओढला.

"ग्लेन," तो हळूच म्हणाला, "तिथं कोणी नसतं."

"मला माहीत आहे."

त्या पुलावर सव्वीस वर्षं विनी फोवार्ग उभी राहायची. ग्लेंडाच्या मुलीला तिनेच रस्ता ओलांडून दिला, अर्ध्या गावाला दिला. ती गेल्याला एकोणीस वर्षं झाली. तिच्यामागे कौन्सिलने ती जागाच रद्द केली.

ग्लेंडाने ते कापड तसंच घडी केलं आणि दुसऱ्या अपिलाचा अर्ज काढून बसली.

सुनावणीआधी रस्ता आपण पाहिलेला बरा, म्हणून शनिवारी शेजारच्या ऑड्रीला रॉयपाशी बसवून ती केझियाला घेऊन निघाली. ऑक्टोबर होता. दोन्ही बाजूंना काळी, नांगरलेली, ताटासारखी सपाट जमीन, आणि वर इतकं आभाळ की माणसाने मान खाली घालूनच चालावं. धुकं कालव्याच्या पाण्यावर गुडघाभर होतं, बांधावर नव्हतं. ग्लेंडा वहीत टिपत होती: कठडा नाही, चिखल, खंदक माणसाच्या उंचीएवढा खोल.

पुलावर पोचल्या तेव्हा बीटने भरलेली लॉरी येत होती. ती थांबली. दोघी ओलांडून पलीकडे गेल्या. लॉरी हलेना.

"नॅन," केझिया आजीला म्हणाली, "आपण तर आलो. आता ते कुणासाठी थांबलेत?"

चालक म्हातारा होता, गावचाच. तो रस्त्याच्या मधोमध बघत होता. मग त्याने स्टीअरिंगवरून एक बोट उचललं, ओळखीच्या माणसाला उचलतात तसं, आणि लॉरी पुढे काढली. ग्लेंडाला एकदम कळलं की हे ती स्वतःही करते. गाडीतून जाताना पुलावर पाय आपोआप ब्रेकवर जातो, बोट वर होतं. सगळेच करतात. कोणीच त्याबद्दल बोलत नाही.

ग्लेंडाच्या न बोलण्याला कारण होतं. त्या काळी धुक्यामुळे किंवा बर्फामुळे शाळा बंद असली की गावात टेलिफोनची साखळी चाले. मास्तरीण पहिल्या घरी कळवायची, पहिलं घर दुसऱ्याला, असं शेवटपर्यंत. विनीच्या आधीचं घर ग्लेंडाचं होतं. विनी गेली त्या फेब्रुवारीत दाट धुकं पडलं, ग्लेंडाला निरोप आला, आणि पुढे कळवायचं तिच्या डोक्यातून निघून गेलं. दूध उतू गेलं होतं की मुलगी रडत होती, तेही आता आठवत नव्हतं. शाळा बंद, गावातलं प्रत्येक मूल अंथरुणात, आणि विनी तिच्या वेळेला पुलावर. लॉरीवाल्याला ती दिसलीच नाही.

साखळी कुठे तुटली ते कोणी विचारलं नाही. विनीच्या शवपेटीवरची फुलं ग्लेंडानेच बांधली होती.

सुनावणी कौन्सिलच्या मोठ्या इमारतीत झाली. टेबलापलीकडे तीन सभासद होते. मधल्या मिसेस स्किपवर्थ अध्यक्ष होत्या. चष्मा साखळीला, बोलणं मऊ. वीस मिनिटं मिळणार होती. एका बाजूला मिस्टर प्रूएट. पंचविशी-तिशीचा, दुसऱ्या जिल्ह्यातून आलेला, चांगल्या घरचा दिसणारा मुलगा.

ग्लेंडाने कागद पुढे ठेवले. जागा रद्द केल्याचं कौन्सिलचंच जुनं पत्र, आणि चर्चच्या दफन नोंदवहीची पाद्रीसाहेबांनी सही केलेली नक्कल.

मिसेस स्किपवर्थनी दोन्ही दोनदा वाचले. "मिस्टर प्रूएट, गावातली कोणी हौशी बाई असेल का?"

"असेल, मॅडम. मी नाव विचारलं नाही." तो अवघडला. "पण होत्या. मी बोललो त्यांच्याशी."

"काय बोलली ती?" हे ग्लेंडाने विचारलं. विचारायची पाळी तिची नव्हती, पण कोणी अडवलं नाही.

"विशेष काही नाही. गुड मॉर्निंग म्हणाल्या. मग..." त्याने वहीत पाहिलं, जणू तिथं लिहिलेलं असावं. "मग म्हणाल्या, 'आज शाळा आहे ना? मला कोणी कळवलं नाही.' मी म्हटलं, आहे. त्यांना बरं वाटलेलं दिसलं."

ग्लेंडाचे हात मांडीवर होते. तिने मनातल्या मनात प्रभूची प्रार्थना सुरू केली आणि तिसऱ्या ओळीवर थांबली, कारण पुढचं आठवेना. साठ वर्षांत असं पहिल्यांदाच झालं होतं.

कागद तिच्या बाजूचे होते. ती गप्प बसली असती तरी चाललं असतं.

"मिसेस ॲब्लेट," अध्यक्षबाई म्हणाल्या, "ही बाई म्हणजे नोंदवहीतल्या मिसेस फोवार्ग नव्हेत, याबद्दल तुमची खात्री आहे ना?"

"ती वारली एवढी माझी खात्री आहे," ग्लेंडा म्हणाली. "त्या दिवशी शाळा बंद होती. ते तिला मी कळवायचं होतं. मी कळवलं नाही. एकोणीस वर्षं हे मी कुणाला सांगितलेलं नाही, रॉयलासुद्धा नाही. पुलावर कोण उभं असतं ते मला सांगता यायचं नाही, मॅडम. पण जे कोणी असेल, त्याच्या भरवशावर मी माझी नात सोडणार नाही."

टिपणं घेणाऱ्या कारकुनाने पेन वर धरलं. "हे... कोणत्या रकान्यात लिहू?"

मिसेस स्किपवर्थनी चष्मा काढला. "नका लिहू," त्या म्हणाल्या. मग जरा वेळाने, "नाही, लिहा."

बाहेर जिन्यात प्रूएट तिच्यामागे धावत आला. चेहरा पिठासारखा पांढरा. "मिसेस ॲब्लेट, त्यांनी माझा हात धरून पलीकडे नेलं होतं. हात गरम होता हो."

"तिचा असायचाच," ग्लेंडा म्हणाली. "घरी जा बाळा. जेवलास का काही?"

त्या संध्याकाळी तिने रॉयला सगळं सांगितलं. तो तिच्याजवळ येऊन बसला. "मला ठाऊक होतं. निरोप आला तेव्हा मी स्वयंपाकघरातच होतो. मीही केला नाही फोन." दोघं बराच वेळ हात धरून बसले.

पाचव्या दिवशी पत्र आलं. अपील मंजूर. पुलावर नेमलेली व्यक्ती नसल्याने तो रस्ता चालण्याजोगा मानता येत नाही. केझियाला बस देण्यात येत आहे. उभ्यानेच वाचताना ग्लेंडाच्या डोळ्यांना पाणी आलं. मग तिने दुसरं पान उलटलं.

"बसचा थांबा," ती वाचू लागली. "घरापासून एक मैलाच्या आत कौन्सिल ठरवेल तो. कालव्यावरचा पूल, सकाळी सात पन्नास. सोमवारपासून."

"म्हणजे रस्ता धोक्याचा, पण उभं राहायला चालेल," रॉय हसायला गेला आणि खोकला. खोकला थांबल्यावर म्हणाला, "सात मिनिटं जायला, सात यायला. तेवढा मी एकटा राहीन, ग्लेन. पण सोमवारी धुकं सांगितलंय."

"ऐकलं मी."

"बस उशिरा आली तर? पोरीला तिथं सोडून परतावं लागेल तुला."

 ग्लेंडाने पत्र घडी करून कपाटात ठेवलं, ऑड्रीला हाक मारली आणि खुंटीवरचा कोट काढला.

"कुठं निघालीस आत्ता?"

"पुलावर," ती म्हणाली. "पोरीने कुठे उभं राहायचं ते बघून येते. आणि सोमवारी शाळा आहे, एवढं विनीला कळवून येते."