येताना एसी बंद

सिग्नलला गाडी थांबली, इंजिन आपोआप बंद झालं, की काका ओठांवर बोट ठेवायचे आणि हळूच म्हणायचे, "झोपली." मग आम्हीही उगाचच गप्प बसायचो.

आमच्या नालासोपाऱ्यातल्या तुळिंजच्या बिल्डिंगमध्ये ते खालच्या मजल्यावर राहायचे. मूळचे गुहागरकडचे. मूलबाळ नव्हतं. रिटायर झाल्यावर जुन्या साहेबांची हायब्रिड गाडी त्यांनी विकत घेतली. दोन हजार आठ-नऊच्या सुमाराला पेट्रोल आणि बॅटरी अशा दोन्हींवर चालणारी गाडी आमच्या गल्लीत कुणी पाहिली नव्हती. पोरं वाकून चाकांखाली बघायची.

काकांना वेड होतं ते ॲव्हरेजचं. समोरच्या पडद्यावर आकडा यायचा आणि तो एसीने खाली जातो, हे त्यांनी पहिल्याच उन्हाळ्यात ओळखलं. "एसी जोरात लावला की हिला झोप नाही. उभ्या उभ्या पेट्रोल पिते," ते सांगायचे. म्हणून निघण्याआधी ते चारही दारं उघडून ठेवायचे, एक दार पंख्यासारखं हलवून आतली गरम हवा बाहेर घालवायचे. गल्लीतून हळू जाताना काचा खाली, हायवे लागला की काचा वर आणि एसी सव्वीसवर. तो त्याखाली आणायची कुणाला परवानगी नव्हती. घरी आल्यावर मुलाचे मार्क सांगावेत तसा गेटवर आकडा सांगायचे. लोक हसायचे. असा एखादा माणूस तुमच्याही बिल्डिंगमध्ये असेलच.

मग काकूंची किडनी गेली.

आठवड्यातून तीनदा डायलिसिस, तेही बोरिवलीला. मी तिथल्याच एका लॅबमध्ये सकाळपाळीला होते. काका म्हणाले, "तू चल आमच्याबरोबर. हिच्याशी बोलायला कुणीतरी हवं." दोन वर्षं मी त्या गाडीच्या मागच्या सीटवर बसले; काकू पुढे, काकांच्या शेजारी.

जाताना काकूंच्या अंगात पाणी साठलेलं असायचं. पाय सुजलेले, श्वास पुरत नसायचा. त्यांना गार वारा हवा असायचा. काका स्वतःच्या हाताने एसी अठरावर आणायचे. दहिसरच्या नाक्यावर रांगेत इंजिन घुरघुरत राहायचं, आकडा घसरत जायचा, आणि काका समोरच्या ट्रककडे बघत बसायचे.

परतताना सगळं उलटं. मशीनवरून उठल्यावर काकूंना हुडहुडी भरायची. भर मे महिन्यात शाल. एसी बंद, काचा बंद. तेव्हा पडद्यावर आकडा असा चढायचा, की पूर्वी काकांनी पेढे वाटले असते. एकदा गेटवर वॉचमनने विचारलं, "काका, आज किती दिलं?"

"बघितलं नाही," काका म्हणाले. आकडा त्यांच्या समोरच होता.

ती दोन वर्षं आठवली की मला आधी थकवाच आठवतो. काका थकले होते, काकू थकल्या होत्या, मीही. सुरुवातीला आम्ही बोलायचो; भाज्या, नातेवाईक, पाण्याचा टँकर. पुढेपुढे काकू डोळे मिटून घ्यायच्या आणि आम्ही दोघं रस्ता बघायचो.

मे महिन्यातल्या एका दुपारी वसई खाडीवरच्या वर्सोव्याच्या पुलाआधी गाड्या अडकल्या. बाहेर डिझेलचा धूर, आत भट्टी. काकांचा शर्ट पाठीला चिकटला होता. सकाळपासून त्यांनी काही खाल्लं नव्हतं. गाडी पुढे सरकली, पण त्यांनी ती एकदम कडेला घेतली. डोकं स्टिअरिंगवर टेकवलं.

"काका, काय होतंय?"

"काही नाही. जरा डोळ्यांपुढे अंधारी आली."

मी पाण्याची बाटली दिली. काकूंनी डोळे उघडले. "एसी लावा," त्या म्हणाल्या.

"नको. तुला सोसायचं नाही."

"मला शाल आहे. तुम्हाला काय आहे?"

काका हलेनात. तेव्हा काकूंनी पट्टी बांधलेला हात शालीतून बाहेर काढला आणि स्वतःच एसी लावला. पूर्ण जोरात. पर्समधला बिस्किटाचा पुडा काढून त्यांच्या मांडीवर ठेवला. गार झोत सुटला तशा त्या कुडकुडायला लागल्या; मी माझी ओढणी त्यांच्या खांद्यांवर टाकली. दात वाजत असतानाच त्या मला म्हणाल्या, "लग्न झाल्यापासून यांना भूक लागलेली कळत नाही. मलाच सांगावं लागतं."

काकांनी बिस्किट खाल्लं. मग दोन्ही हातांनी चेहरा झाकला. मागच्या गाड्या हॉर्न वाजवत होत्या. काकू त्यांच्या पाठीवरून हात फिरवत होत्या. "चला आता," त्या म्हणाल्या. "हिची आई वाट बघत असेल."

गणपतीनंतर काकू गेल्या.

काकांनी महिन्याभरात गाडी विकली. घर भाड्याने दिलं. भावाकडे गुहागरला राहायचं ठरवलं. मी त्यांना सोडायला नालासोपाऱ्याच्या एसटी डेपोत गेले. ते लवकर एसटीत चढले आणि दोघांच्या सीटवर कडेला बसले. खिडकीची जागा मोकळी ठेवली होती. गाडी भरत गेली. कंडक्टर जवळ आला.

"काका, आत सरका. माणसं उभी आहेत."

काकांनी त्याच्याकडे पाहिलं. मग त्या रिकाम्या जागेकडे. पिशवी छातीशी धरून ते हळूहळू खिडकीपाशी सरकले, आणि एक अनोळखी माणूस त्यांच्या शेजारी येऊन बसला.