गाडीचं गाऱ्हाणं

धामापूरला भाड्याच्या घरात राहणारा तो उंच परदेशी आपली लांब पल्ल्याची मोटरसायकल माझ्याच गॅरेजात आणायचा. दोन्ही बाजूंना लोखंडी पेट्या बघून वाटे, हा जग फिरतो. पेट्यांत असायचे बाजारातले बांगडे. गावात राहून तो मालवणी शिकला होता, आणि देवाला गाऱ्हाणं घालायची रीतही. काम झालं की बूट काढी, पुढच्या चाकाशी नारळ ठेवी आणि हेल्मेट छातीशी धरून उभा राही. मी गाऱ्हाणं घातल्याशिवाय गाडी हलत नसे.

त्या दिवशी त्याला घाट चढून लांब जायचं होतं. मी हात जोडून नेहमीचं म्हटलं, “बा देवा म्हाराजा, ह्येका सुखरूप पोचव. माझ्या हातून काय चुकला-माकला आसात, तर पोटात घाल.”

“व्हय म्हाराजा,” तो खणखणीत म्हणाला. मग माझ्याकडे वळला. “काय चुकला, ता आधी माका सांग.”

इतक्या वर्षांत देवाने हे कधी विचारलं नव्हतं. गाडी जोडून झाल्यावर उरलेला, खिशात टाकलेला बोल्ट चाचपत मी म्हटलं, “बूट घाल रे. अजून येळ लागतलो.”