गोदावरीचे गोटे आणि अव्वांचं इष्टलिंग

नांदेडच्या माहेराहून लातूरला परतताना माझ्या पिशवीत पापड-लोणचं कमी आणि दगड जास्त असायचे. त्या साली गोदावरी आटली होती आणि पात्रातले गोटे उघडे पडले होते. मधाच्या रंगाचे, पांढऱ्या रेघांचे, काही तर उजेडात धरले की आतून तांबूस दिसणारे. कंडक्टरनं पिशवी उचलून बघितली आणि म्हणाला, "ताई, लातूरला दगडं कमी पडले का?" मी म्हटलं, "तुम्ही तिकीट फाडा." माझ्या दगडांवरून कुणी हसलं की माझं डोकं फिरायचं. अजूनही फिरतं.

लातूर जिल्हा नवानवाच झाला होता आणि माझे यजमान नव्या कचेरीत कारकून होते. पाट्या नव्या, खुर्च्या नव्या, साहेबही नवे. पाणी मात्र नव्हतं ते नव्हतंच. टँकर आला की गल्लीत भांड्यांची आणि तोंडांची एकच लढाई. त्यात माझा हा दगड घासायचा छंद! दुष्काळात तेरावा महिना, असं शेजारीण तोंडावर म्हणायची.

माझ्या भावाची नांदेडला पिठाची गिरणी. त्यानं मला कूलरच्या जुन्या मोटारीवर फिरणारा एक लहान ड्रम करून दिला होता, आतून ट्रकच्या ट्यूबचं रबर लावलेला. त्यात गोटे, मूठभर काळी घासायची पूड आणि तांब्याभर पाणी घालायचं, झाकण आवळायचं आणि आठवडाभर फिरू द्यायचं. मग गोटे धुऊन त्याहून बारीक पूड, परत आठवडाभर. शेवटी गोटा असा गुळगुळीत निघतो की गालाला लावून बघावासा वाटतो. मधली धुलाई मात्र चोख लागते. जाड पुडीचा एक कण राहिला तरी सगळ्या गोट्यांवर ओरखडे.

ह्या धुलाईवरूनच माझं आणि सासूबाईंचं वाजायचं. त्या निलंग्याकडच्या, बोलण्यात कानडी हेल. घरात सगळे त्यांना अव्वा म्हणायचे. "माणसाला प्याला पानी न्हाई, आन् ही बया दगडं न्हाऊ घालून राहिली!" असं रोज एकदा तरी ऐकवायच्या. शेवटी एक दिवस त्यांनी पदर खोचला आणि मला बाजूला सारलं. "तू लई सांडतीस. सर तिकडं." तेव्हापासून धुलाई त्यांच्याकडे गेली. मला बादली लागायची तिथं त्या दोन तांब्यांत भागवायच्या. घंगाळावर वाकून एकेक गोटा चोळायच्या, पाणी निवळलं की वरचं अंगणातल्या बेलाला घालायच्या. गाळ मी वाळवून कोपऱ्यात टाकायचे. तो मोरीत गेला तर सिमेंटासारखा बसतो.

त्या दिवशीही त्यांनी सकाळी गोटे धुतले, मी ते बारीक पुडीत घालून ड्रम चालू केला आणि भाकरी थापायला बसले. दुपारी ताट वाढलं. अव्वांनी सवयीनं गळ्याशी हात नेला आणि तो तिथंच राहिला.

"लिंग न्हाई," त्या म्हणाल्या.

आम्ही लिंगायत. इष्टलिंग म्हणजे आवळ्याएवढं काळं लिंग, कापडात बांधून गळ्यात घालायचं. जन्मल्यावर बांधतात ते माणूस मातीत जाईपर्यंत. अव्वांचं त्यांच्या आईनं बांधून घेतलेलं. रोज ते डाव्या तळहातावर घेऊन पूजा केल्याशिवाय त्या पाण्याचा घोट घेत नसत. आता लिंगच नाही म्हटल्यावर त्यांनी ताट सरकवलं आणि तांब्याही सरकवला.

घरात शोधलं. अंथरूण झटकलं, पिठाचा डबासुद्धा पाहिला. त्यांच्या चोळीत नुसता दोरा सापडला, गाठीपाशी झिजून तुटलेला. तो बघितला आणि मला सकाळची धुलाई आठवली. अव्वा घंगाळावर वाकल्या होत्या. तिथले गोटे मी ओंजळीनं ड्रममध्ये भरले होते. आणि ड्रम आत गरगर फिरत होता.

शिवशिव! मी वायर उपटली. झाकण उघडताना घाईत पान्हा दोनदा पायावर पडला. ते लिंग काही गारगोटी नव्हे; वरचा काळा लेप मऊ, त्या पुडीत दोन तासांत त्याचं काय राहणार? सगळं चाळणीवर ओतलं. मनात म्हणत होते, हे एकदा सापडू दे, ही मशीन भंगारात घालते, गोदावरीचं तोंड बघत नाही. गोटे निघाले. चिंधी नाही, लिंग नाही.

शेजारीण येऊन समजावत होती, "अव्वा, औशाला स्वामींकडून दुसरं बांधून घेऊ. पानी तर प्या." बाहेर ऊन मी म्हणत होतं. अव्वांचे ओठ पांढरे पडले होते.

"दुसरं का म्हून? माझ्यासंग हेच मातीत जायचं हाय. ते गेलं तर मी कशाला ऱ्हाऊ?" असं म्हणून त्या भिंतीला टेकल्या. अव्वा रडल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

मी बेलाच्या आळ्यात माती उकरायला धावले. तिकडून त्यांचा बारीक आवाज आला, "तितं न्हाई सापडायचं. वरचंच पानी वतलं मी. खालचं घंगाळात तसंच हाय. आनिक निवळलं असतं. पानी हाय ते, कोन फेकून देतंय?"

मी घंगाळात कोपरापर्यंत हात घातला. गाळ शिकेकाईच्या लगद्यासारखा. एकदा हात फिरवला, काही नाही. दुसऱ्यांदा बुडाशी बोटाला कापड लागलं.

कापडाची गाठ तशीच होती. अव्वांनी ती दातांनी सोडवली, मला हात लावू दिला नाही. आत लिंग काळंभोर, एक ओरखडा नाही. मी वेड्यासारखी हसत सुटले. अव्वांनी माझा गाळाचा हात बघितला, म्हणाल्या, "धू आधी. थोड्या पान्यात." मग नव्या दोऱ्याची गाठ मारली, पूजा केली आणि तांब्या तोंडाला लावला तो रिकामा करूनच खाली ठेवला. सुकाळ असता तर ते घंगाळ मी केव्हाच पालथं केलं असतं.

संध्याकाळी घर शांत होतं. अव्वा म्हणाल्या, "तुझं गरगरं बंद का म्हून? लाव की. झोप न्हाई येत त्याच्याबिगर."

पुढं बऱ्याच वर्षांनी अव्वा गेल्या. आमच्यात माणसाला बसवून माती देतात. न्यायच्या आधी त्यांना घरात बसवलं होतं आणि डाव्या तळहातावर लिंग ठेवलं होतं. तेच, त्यांच्या आईनं बांधून घेतलेलं. मी जवळ जाऊन नीट पाहिलं. खोटं कशाला बोलू, रडू नंतर आलं. आधी हायसं वाटलं.